एम३४०आय घ्यावी की एस५ स्पोर्टबॅक? चारही चाकांना ताकद देणाऱ्या दोन गाड्या विकत घेण्याआधी कशा तपासाव्यात

गेल्या ज्येष्ठात कोल्हापूरहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही मनात भरल्यात. आता तुम्ही या आणि एकीवर बोट ठेवा." एक होती बीएमडब्ल्यूची एम३४०आय एक्सड्राइव्ह, दुसरी ऑडीची एस५ स्पोर्टबॅक. दोन्ही पेट्रोल, दोन्ही सहा सिलिंडरच्या, दोन्ही ऑल-व्हील ड्राइव्ह आणि दोन्ही सेकंड-हँड. मी पुण्याहून निघालो ते हवा मोजायचं मीटर, टॉर्च, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं यंत्र) आणि एक वही घेऊन. पुढच्या तीन दिवसांत आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्यासमोरची जोडी वेगळी असेल, कदाचित नवी कोरी असेल, तरी क्रम हाच ठेवा. यातली एखादी पायरी गाळली की ती नंतर बिलाच्या रूपाने समोर येते.

पहिली पायरी: आकड्यांचं काम अर्ध्या तासात उरका

या दोन्ही गाड्या भारतात एकाच महिन्यात आल्या, मार्च २०२१ मध्ये. एम३४०आयचं इंजिन २,९९८ सीसीचं, सहाही सिलिंडर एका ओळीत. तेव्हाचा जाहीर आकडा ३८७ एचपी आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर), ० ते १०० किलोमीटर वेग ४.४ सेकंदांत. एस५चं २,९९५ सीसीचं व्ही६ इंजिन, ३५४ एचपी, टॉर्क तितकाच ५००, आणि १०० गाठायला ४.८ सेकंद. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सुधारित एम३४०आयचा जाहीर आकडा ३७४ एचपीचा आहे, म्हणून जाहिरातीत कुठल्या सालची गाडी आहे ते बघूनच तुलना करा. दोघींना आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे आणि दोन्ही गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीच्याच कुळातले. तेव्हा गिअरबॉक्सवरून भांडण नाही. फरक पडतो तो प्रत्येक कंपनीने तो कसा ट्यून केला आहे यात, आणि ते चालवल्याशिवाय कळत नाही.

०.४ सेकंदांचा फरक सिग्नलवर कुणाला जाणवणार? आपल्या रस्त्यावर उपयोगी पडणारा वेग म्हणजे दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला किंवा एसटीला मागे टाकताना ६० वरून १०० वर जाण्याचा. तिथेही दोघींत रोजच्या वापरात मोठा फरक जाणवत नाही. म्हणून आकडे वहीच्या एका पानावर लिहा, पान उलटा आणि परत तिकडे बघू नका. मित्रमंडळींचे वाद या एका पानावर सहा-सहा महिने चालतात.

दुसरी पायरी: ताकद चाकांपर्यंत कशी जाते ते समजून घ्या

इथे मात्र वेळ द्या. दोन्ही गाड्यांत चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा आहे, पण आतली रचना अगदी वेगळी आहे, आणि गाडीचा स्वभाव तिथूनच येतो.

एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची यंत्रणा. तिच्यात मागची चाकं गिअरबॉक्सला कायम जोडलेली असतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या चाकांकडे वळवणारी पेटी, असतो आणि त्यात अनेक चकत्यांचा एक क्लच. पुढच्या चाकांकडे किती ताकद पाठवायची हे त्या चकत्या किती घट्ट दाबल्या जातात यावर ठरतं, आणि दाब ठरवतो संगणक: स्टिअरिंग किती वळलं आहे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, कुठलं चाक जास्त फिरतंय हे सतत बघून. साध्या चालवण्यात ताकदीचा ओढा मागे असतो. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी मागून ढकलल्यासारखी वाटते आणि स्टिअरिंग मोकळं, हलकं राहतं. ज्याला चालवण्याची हौस आहे त्याला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

ऑडीने आपल्या यंत्रणेचं क्वाट्रो हे नाव १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आणलं. एस५मध्ये त्याच परंपरेतलं सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आहे, ते पूर्णपणे गिअरचं, यांत्रिक आहे. नेहमीची वाटणी पुढे ४० टक्के, मागे ६० टक्के. एखाद्या एक्सलची, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीची, पकड सुटायला लागली की डिफरन्शियल स्वतःच आवळतं आणि ताकद दुसऱ्या एक्सलकडे वळते. मागे ८५ टक्क्यांपर्यंत, पुढे ७० टक्क्यांपर्यंत. इथे संगणकाने हुकूम द्यायची वाट बघावी लागत नाही. चाक घसरू लागण्याच्या क्षणीच दातेरी चक्रं आपलं काम करतात. म्हणून पावसात एस५ एखाद्या शांत माणसासारखी वागते, काही घडतंय हे कळूच देत नाही.

पण एस५ची एक अडचण रचनेतच आहे. तिचं इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे बसवलेलं आहे, नाक जड आहे. वळणात वेग जरा जास्त झाला तर पुढचा भाग बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो. बीएमडब्ल्यूचं इंजिन मागे सरकवलेलं असल्याने वजन दोन्ही एक्सलवर जवळजवळ सारखं वाटलं जातं. घाटातल्या सलग वळणांवर हा फरक हातांना कळतो.

ऑल-व्हील ड्राइव्हबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्याने माणसं जखमी झालेली मी पाहिली आहेत. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघताना आणि वेग घेताना पकड मिळते. थांबताना नाही. ब्रेक तर साध्या गाडीचेही चारही चाकांना असतात. भरपावसात उतारावर गाडी किती मीटरमध्ये थांबेल हे टायर आणि वेग ठरवतात. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागला की क्वाट्रो असो वा एक्सड्राइव्ह, काही उपयोग होत नाही. चढावर गाडी न घसरता निघाली म्हणून मनात जो धीर येतो, तो उतारावर धोक्याचा ठरतो.

तिसरी पायरी: ऑन-रोडचा हिशेब स्वतः मांडा

नवी घेत असाल तर ही पायरी सर्वात महागडी. २०२१ मध्ये एम३४०आयची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख होती आणि एस५ची ७९.०६ लाख. बघणाऱ्याला वाटतं, फरक १६ लाखांचा. पण एम३४०आयची जुळणी चेन्नईत होते आणि एस५ पूर्ण तयार होऊन परदेशातून येते. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के, आणि आयात केलेल्या गाडीला २० टक्के. म्हणजे पहिलीला साधारण ८ लाख १८ हजार, दुसरीला १५ लाख ८१ हजार. विमा धरायच्या आधीच फरक १६ वरून जवळजवळ २४ लाखांवर गेला. कंपनीच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनाही हाच २० टक्क्यांचा दर लागतो, त्यामुळे व्यवसायाच्या नावावर घेण्याआधी सीएला घेऊन बसा.

आणखी दोन गोष्टी. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, कापतो. तो आयकर विवरणपत्रात परत वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट बदलून सरळ ४० टक्के झाला, म्हणून त्याआधीचं कोटेशन कुणी हातात दिलं तर ते बाजूला ठेवा.

सेकंड-हँडमध्ये हा हिशेब उलटा फिरतो. पहिल्या मालकाने भरलेला जादा कर बाजारात वसूल होत नाही. एस५ची किंमत वेगाने उतरते आणि तीन-चार वर्षांनी दोघी जवळजवळ एका रांगेत येऊन उभ्या राहतात. मेव्हण्यापुढे पेच पडला तो त्यामुळेच. मात्र गाडी दिल्लीकडची असेल तर सावध राहा. तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्रात नोंदणी करताना इथला कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो, शिवाय तिथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. तो खर्च आधी मिळवा आणि मगच स्वस्त म्हणा.

चौथी पायरी: इंजिन बंद ठेवून एक तास गाडीत बसा

विक्रेत्याला सांगा, किल्ली नंतर द्या. घरातली सगळी माणसं, त्यांचं सामान आणि लहान मूल असेल तर त्याची सीट घेऊन जा. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांचे गुडघे दुखतात आणि वर्षातून चार वेळा त्यांना सावंतवाडीला माहेरी जायचं असतं.

एस५चं छत मागे उतरत जातं. दिसायला फार देखणं आहे, पण मागच्या सीटवर बसताना सासूबाईंना मान बरीच खाली घालावी लागली, आणि उतरताना हात धरावा लागला. एम३४०आयमध्ये त्या एकट्या बसल्या. दोन्ही गाड्यांत मागे मधोमध बोगदा उंच आहे, कारण खालून मागच्या चाकांकडे शाफ्ट जातो; तिसऱ्या माणसाने तिथे दोन तास बसायचं म्हणजे शिक्षा. या गाड्या चौघांच्या आहेत असंच धरा.

सामानाच्या बाबतीत मात्र एस५ जिंकते. तिची डिकी काचेसकट वर उघडते. आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, मुलांची सायकल असं अवघड सामान सहज आत जातं. एस५च्या दरवाजांना काचेभोवती चौकट नाही. पावसात दार उघडलं की कडेचं पाणी सीटवर ठिबकतं का ते पाण्याची बाटली ओतून बघा, आणि जुन्या गाडीत काचेचं रबर बोटाने चाचपा.

मग गाडी तुमच्या स्वतःच्या गेटमधून आत न्या. सोसायटीचा रॅम्प, बंगल्यासमोरची गटाराची फरशी, पार्किंगच्या खांबांमधली जागा, हे सगळं प्रत्यक्ष. रस्त्यावरच्या गतिरोधकाची उंची नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर आणि लांबी ३.७ मीटर असायला हवी. आपल्या गल्लीतला तसा असतो का, ते तुम्हीच जाणता. चारही माणसं बसवून तो ओलांडा. एकट्याने ओलांडलेला गतिरोधक मोजायचा नाही.

पाचवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह, एकाच दिवशी आणि एकाच रस्त्यावर

तुलनेचा प्राण इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एक गाडी सोमवारी सकाळी मोकळ्या बायपासवर आणि दुसरी शनिवारी संध्याकाळी गर्दीत चालवली, तर तुम्ही गाड्यांची नव्हे, रहदारीची तुलना केली. दोन्ही गाड्या एका दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच माणसांसह चालवा. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरा. आमच्याकडच्या एका गाडीत तक्त्यापेक्षा तब्बल ८ पीएसआय जास्त हवा निघाली. तशीच चालवली असती तर "ही फार आदळते" असं लिहून मोकळे झालो असतो.

आम्हाला दोन्ही गाड्या ओळखीतून मिळाल्या म्हणून दिवसभर फिरवता आल्या. कोल्हापूरहून महामार्गाने संकेश्वर, तिथून गडहिंग्लज, आजरा करत आंबोली. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत आंबोलीचं नाव येतं, आणि त्या दिवशी धुकं व पाऊस दोन्ही होते. तुम्हाला एवढा वेळ मिळणार नाही. तरी पाऊण तासाखाली तडजोड करू नका, आणि त्या पाऊण तासात हे सगळं बसवा.

थंड इंजिन. बॉनेटवर हात ठेवून बघा; गरम असेल तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड असताना पहिल्या मिनिटातला खडखडाट, धूर, कंपनं खरं बोलतात.

संथ रहदारी. पहिली दहा मिनिटं कम्फर्ट मोडमध्येच. रोजचं आयुष्य तिथेच जाणार आहे. २० ते ३० च्या वेगात गिअर बदलताना धक्का बसतो का, पाय उचलून परत दाबला की गाडी क्षणभर विचार करते का, हे बघा. आमच्या दोन गाड्यांत एस५ इथे किंचित आळशी वाटली. पहिल्या दाबाला थोडं थांबून मग एकदम उसळते. एम३४०आयचं इंजिन तळापासून लोण्यासारखं चालतं. हेच बी५८ इंजिन टोयोटाने आपल्या सुप्रामध्ये घेतलं, ते उगाच नाही.

खराब रस्ता. मुद्दाम शोधा. पावसाळ्यात शोधावा लागत नाही. एकच खड्डा दोन्ही गाड्यांनी ४० च्या वेगात घ्या आणि मागे बसलेल्या माणसाला विचारा. ड्रायव्हरला स्टिअरिंगचा आधार असतो, तो खरं सांगू शकत नाही.

सिमेंटचा रस्ता. रुंद, कमी जाडीचे टायर काँक्रीटवर किती घरघरतात हे डांबरावर कळत नाही. ८० च्या वेगात गाणी बंद करून शेजारच्याशी हळू आवाजात बोला. आवाज चढवावा लागला तर लिहून ठेवा.

घाट. इथे स्पोर्ट मोड लावा, पण गाडीची हद्द बघायला जाऊ नका. सार्वजनिक रस्ता त्यासाठी नाही. बघायचं ते असं: वळणात शिरताना नाक किती तत्परतेने आत येतं, मध्यावर स्टिअरिंग दुरुस्त करावं लागतं का, आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी रेषेत राहते की बाहेर जाते. एम३४०आय वळणाच्या मध्यापासून पुढे खुलते. ओल्या चढाच्या वळणावर तिचा मागचा भाग केसभर हलतो आणि पुढची चाकं लगेच तिला ओढून सरळ करतात. ज्याला सवय नाही तो त्या क्षणी दचकतो. मेव्हणा दचकला, मी हसलो. एस५मध्ये तेच वळण काही न घडता पार पडलं. उतरताना मात्र तिचं जड नाक जाणवलं, वळणाआधी ब्रेक जरा लवकर लावावा लागला.

प्रत्येक टप्पा संपला की गाडी बाजूला घेऊन वहीत तीन वाक्यं लिहा. गुण देऊ नका. दहापैकी साडेसात म्हणजे काय, हे संध्याकाळी आठवत नाही. "आजऱ्याच्या आधीच्या पुलावर पाठीला झटका बसला" हे आठवतं.

सहावी पायरी: पार्किंगमध्ये आठचा आकडा

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, अगदी हळू, इंग्रजी आठचा आकडा काढा. मग उलट दिशेने. त्यानंतर थांबून हलक्या पायाने वेग घ्या. ट्रान्सफर केसमधला क्लच थकला असेल किंवा टायर विजोड असतील तर गाडी अडखळते, फरशीतून थरथर जाणवते, कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. एक्सड्राइव्हच्या जुन्या गाडीत ही तपासणी सोडू नका. पुढच्या रुंद टायरने पूर्ण वळणात थोडं उडी मारल्यासारखं करणं वेगळं. ते टायर गरम झाल्यावर कमी होतं. थरथर गरम झाल्यावरही राहिली तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पुढे बोलू नका.

सातवी पायरी: टायर, आणि ही माझ्या खिशातून शिकलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरी एक ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान होती. महामार्गावर खड्ड्यात मागचे दोन टायर फुटले. टायरवाल्याने दोन नवे बसवून दिले, पुढचे निम्मे झिजलेले तसेच ठेवले. मीही हो म्हणालो, दोन टायरचे पैसे वाचले म्हणून. नव्या टायरचा घेर मोठा, झिजलेल्याचा लहान. घेर वेगळा म्हणजे फेऱ्या वेगळ्या, आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधला तो फरक मधली यंत्रणा प्रत्येक किलोमीटरला सोसत राहते. आठ महिन्यांनी थरथर सुरू झाली. दुरुस्तीच्या रकमेत चार टायरचे दोन संच आले असते.

तेव्हापासून माझा नियम: चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि झिजेतला फरक २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चारही बदलायचे. सेकंड-हँड गाडीत खोली मोजायचं छोटं मापक घेऊन प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण कोकणच्या पावसात ३ च्या खाली मी गाडी नेत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. '१४२२' म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. बीएमडब्ल्यूसाठी बनलेल्या टायरवर तारा असतो, ऑडीसाठीच्या टायरवर 'एओ'.

या जोडीत टायरवरून आणखी एक फरक निघतो. एस५चे चारही टायर एका मापाचे, त्यामुळे ते पुढे-मागे फिरवून झीज सारखी ठेवता येते. एम३४०आयला मागचे टायर रुंद असतात. ते फिरवता येत नाहीत आणि मागचे आधी संपतात. मग वरचा नियम पाळायचा तर पुढचे चांगले असतानाच बदलावे लागतात. पाच वर्षांच्या खर्चात हे धराच.

आठवी पायरी: सेकंड-हँड गाडीची कागदं आणि पोट

कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले, चिपळूण २०२१ मध्ये बुडालं, मुंबईत दर पावसाळ्यात कुठलं ना कुठलं बेसमेंट भरतं. पाण्यात राहिलेली गाडी चकाचक करून विकायला येते. चारही सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा; शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेषा असेल तर तिथूनच नमस्कार करा. डिकीच्या तळाचा गालिचा उचला, सीटखालच्या रुळांचा गंज टॉर्चने बघा, एसी सुरू करून पहिला श्वास घ्या. या गाड्यांत संगणकाच्या पेट्या आणि वायरिंग इतकं आहे की पाणी शिरल्यावर बिघाड वर्षानुवर्षं एकेक करून बाहेर पडतात.

चेसिस क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण इतिहास मागवा आणि बिलांवरच्या किलोमीटरची रांग जुळते का ते बघा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं दिसतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात.

इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी सॉफ्टवेअर बदललेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत, बी५८वाल्या विशेष. बदलून परत मूळ केलं तरी खूण राहू शकते, म्हणून स्कॅन अधिकृत ठिकाणी करून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: कुणी ताणलेली गाडी मी घेणार नाही, कितीही स्वस्त असो. आणि गिअरबॉक्सचं तेल विचारा. "आयुष्यभराचं तेल आहे, बदलावं लागत नाही" असं उत्तर मिळेल. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते.

गाडी लिफ्टवर घ्या. पोटाचं प्लॅस्टिक कुठे घासलंय, रिम आतल्या बाजूने वाकली आहे का, डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसभोवती तेलाचा ओलावा आहे का. एस५मध्ये टर्बो व्हीच्या मधोमध बसवलेला आहे, त्या भागात उष्णता खूप साठते. कूलंटची पातळी, भोवतालचे पाईप आणि रबर यांकडे जास्त लक्ष द्या.

नववी पायरी: वर्षाचा खर्च

दोन्ही गाड्यांसाठी विम्याचं कोटेशन एकाच कंपनीकडून, एकाच दिवशी घ्या. झिरो डेप (भागांची झीज न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि टायर कव्हर धरून. पुढचा बंपर, एक हेडलाइट आणि ब्रेक डिस्क, एवढ्या तीनच भागांची किंमत आणि यायला लागणारे दिवस दोन्ही सर्व्हिस सेंटरना लेखी विचारा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ऑक्टेन आणि इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास आहे आणि २०२१ ची गाडी त्याला चालते का हे कंपनीकडूनच विचारून घ्यावं. शहरात दोघीही लिटरला सात-आठच्या वर क्वचित जातात. आणि तुमच्या गावाहून सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर, ते मोजा. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला याने पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा दुप्पट फरक पडतो.

तिसऱ्या रात्री वही उघडून बसलो. भर आषाढात आंबोली उतरायची असेल तर मी आजही एस५चीच किल्ली मागेन. धुक्यात, ओल्या रस्त्यावर तिने जो निश्चिंतपणा दिला तो दुसरीने दिला नाही. पण वर्षातले उरलेले दहा महिने, रोजचा बाजार, मागे बसणारी आई, भागांची किंमत आणि सुटीच्या सकाळी एकट्याने मारलेली चक्कर, सगळीकडे एम३४०आयचं पारडं जड होत होतं. मेव्हण्याने तीच घेतली. व्यवहार करताना टायर मोजलेलं पान समोर ठेवलं: पुढे साडेचार मिलिमीटर, मागे दोन. चार टायरची किंमत सौद्यातून वजा झाली, आणि गाडी घरी नेण्याआधी ती टायरच्या दुकानात गेली. सासूबाई तिथे खुर्ची टाकून चौथा टायर बसेपर्यंत बसून होत्या.